रडीचा डाव कोणाचा? सोसायटीच्या टेनिस कोर्टवरचं एक प्रकरण

हे प्रकरण ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलातलं आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. नावांच्या जागी आम्ही सोसायटीत एकमेकांना जशी हाक मारतो तशीच ठेवली आहे. मी त्या दिवशी स्कोअर लिहायला बसलो होतो आणि सगळ्यात मोठी चूक माझीच झाली. त्यामुळे हा वृत्तांत तटस्थ आहे असा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

आमच्याकडे सात टॉवर आणि एक टेनिस कोर्ट. टेनिसचं कोर्ट शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बिल्डरने आमचं कोर्ट क्लबहाऊसमागे उरलेल्या जागेत पूर्व-पश्चिम बसवलं. म्हणून संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला जो उभा असतो, त्याला समोरच्या जोडीबरोबर येऊरच्या डोंगराआड उतरणाऱ्या सूर्याशीही खेळावं लागतं. पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ धरतं. दिवाळीच्या आधी ते घासून काढायचं आणि २६ जानेवारीच्या आसपास डबल्सची स्पर्धा भरवायची, असा आमचा शिरस्ता.

त्या वर्षी १४ जोड्या आल्या, म्हणजे १३ सामने. शनिवार-रविवारीच कोर्ट मोकळं मिळतं, म्हणून सामना एकाच सेटचा ठेवला. ड्यूस-अ‍ॅडव्हान्टेज (४०-४० नंतर सलग दोन पॉइंट घ्यायची अट) नाही, ४०-४० झालं की एकाच पॉइंटवर गेमचा निकाल, आणि तो पॉइंट कोणत्या बाजूला घ्यायचा ते सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवणार. पंच नाही. एका प्लास्टिकच्या खुर्चीवर स्कोअर लिहिणारा बसतो आणि त्याने फक्त स्कोअर लिहायचा असतो. बॉल आत की बाहेर, हे ज्याच्या बाजूला पडला त्याने सांगायचं. पंच नसताना जगभर हीच पद्धत आहे आणि तिला एक पुस्ती जोडलेली असते: खात्री नसेल तर बॉल आत धरायचा, शंकेचा फायदा समोरच्याला. ही पुस्ती आमच्या स्पर्धेच्या कागदावरही होती. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात.

उपांत्य सामन्यात एका बाजूला अण्णा आणि मॅडम. अण्णा ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय, हात कानाच्या वर नेला की चेहरा बदलतो. मॅडम पन्नाशीच्या, शाळेत शिकवतात, नेटजवळचा खेळ उत्तम. दुसऱ्या बाजूला बाप-लेक. बाबा कॉलेजात असताना टेनिस खेळलेले. अंधेरीच्या ऑफिसातून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी यायचं आणि कपडे बदलून मुलीला शंभर-दोनशे बॉल टाकायचे, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम आम्ही सगळे बघत आलोय. मुलगी १५ वर्षांची, अकॅडमीत शिकणारी, चौघांत सर्वांत जोरदार शॉट तिचाच.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. स्पर्धेचे टी-शर्ट त्या वर्षी बाबांनी स्वखर्चाने छापून दिले होते. त्याचा माझ्या निर्णयावर परिणाम झाला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

सामन्यात काय घडलं

पहिले तीन गेम सर्व्हिस करणाऱ्यांनी जिंकले, बाप-लेक २-१ ने पुढे. चौथ्या गेममध्ये मॅडम सर्व्हिसवर, ४०-४०. लांबलेल्या रॅलीच्या शेवटी मॅडमचा फोरहँड बाबांच्या बाजूच्या साइडलाइनवर पडला. माझी खुर्ची नेमकी त्या रेषेच्या सरळीत होती. बॉल रेषेवर होता. बाबांनी बोट वर केलं आणि ठणकावून म्हणाले, “आउट.” मॅडमनी क्षणभर रेषेकडे पाहिलं आणि वळल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत ३-१ लिहिलं.

पाचवा गेम अण्णांनी समोरच्याच्या डोक्यावरून मागे पडणारे उंच लॉब टाकून खेचला. बाबा उन्हाकडे तोंड करून होते. तीनदा त्यांनी डोळ्यांवर हात धरला, तीनदा बॉल मागे पडला. कोर्टबाहेर बसलेल्यांत थोडी कुजबुज झाली. ३-२.

सहाव्या गेममध्ये सर्व्हिस अण्णांची. दुसऱ्या गेममध्ये त्यांनी अर्ध्या हाताने का होईना, वरून मारली होती. आता खांदा तापला होता, एक डबल फॉल्टही झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला. पुन्हा ४०-४०. बाप-लेकीने पॉइंट मुलीच्या बाजूला घेतला, कारण सर्व्हिस परतवण्यात ती बापापेक्षा सरस. ती बेसलाइनच्या मागे चार-पाच फूट उभी होती, अकॅडमीत शिकवतात तशी. अण्णांनी बॉल टप्पा न घेता कमरेखालून, रॅकेट तिरपी करून हळूच कापला. बॉल नेटवरून जेमतेम गेला, सर्व्हिस बॉक्समध्ये नेटपासून सहा-सात फुटांवर पडला आणि बाजूला वळला. मुलगी दचकली, पण धावली. तीसपस्तीस फूट धावून तिने रॅकेट बॉलला लावली आणि बॉल नेटमध्ये गेला.

एक सेकंद सगळे गप्प. मग कोणीतरी हसलं. ते हसणं मला आजही नेमकं आठवतं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं असं मला वाटतं. मुलीचे कान लाल झाले.

“अण्णा, हे काय चाललंय? लहान मुलीला असं फसवता?” बाबा नेटपर्यंत आले.

“अरे, खांदा वर जात नाही माझा. आणि नियमात कुठे बसत नाही ते दाखव.”

“नियमाचं सोडा हो. खेळाची काही रीत असते की नाही? ती तयारही नव्हती.”

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कोर्टबाहेर पन्नास-साठ माणसं होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी येईल की काय अशी मला धास्ती वाटली. मी म्हणालो, “लेट. पॉइंट परत खेळा.”

अण्णांनी वाद घातला नाही. पुन्हा तशीच अंडरआर्म टाकली, बहुधा मुद्दाम. या वेळी मुलगी तयार होती. तीन पावलं पुढे आली आणि बॉल रेषेलगत असा मारला की मॅडमना वळताही आलं नाही. ४-२.

सातव्या गेममध्ये मुलगी सर्व्हिसवर. अण्णांचा रिटर्न उंच आणि आखूड आला, बाबा नेटवर त्याची वाटच बघत होते. डावीकडे अर्धं कोर्ट रिकामं होतं. बाबांनी स्मॅश सर्व्हिस लाइनवर उभ्या असलेल्या मॅडमच्या अंगावर मारला. मांडीवर बसला. आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाबा म्हणाले, “हेसुद्धा नियमात आहे.”

मी खेळ थांबवला.

नेमकी अडचण कुठे होती

खेळ थांबलेल्या पंधरा मिनिटांत मी फोनवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे नियम उघडले. हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री व्हायला हवं होतं.

अण्णांची सर्व्हिस पूर्ण कायदेशीर होती. नियम १६ म्हणतो, बॉल हाताने कोणत्याही दिशेला सोडायचा आणि जमिनीला लागण्याआधी रॅकेटने मारायचा. वरून की खालून, याबद्दल अक्षर नाही. उंच लॉब कायदेशीर, उन्हात टाकलेला लॉबही कायदेशीर. समोरच्याच्या अंगावर मारलेला बॉलही कायदेशीर: खेळात असलेला बॉल टप्पा पडण्याआधी ज्याला लागला त्याचा पॉइंट जातो, मग तो कोर्टाबाहेर उभा असला तरी. म्हणजे बाबांचं म्हणणंही बरोबर होतं.

बेकायदा होता तो माझा ‘लेट’. नियम २१ सांगतो की रिसीव्हर, म्हणजे सर्व्हिस परतवणारा, तयार झाल्याशिवाय सर्व्हिस करायची नाही. पण त्याच नियमात हेही आहे की ज्याने सर्व्हिस परतवण्याचा प्रयत्न केला तो तयार होता असं धरायचं. मुलगी तीसपस्तीस फूट धावली होती, रॅकेट लावली होती. ती तयार होती का, हा प्रश्न तिथेच मिटला होता. पुढे तिनेच मला तो नियम तिच्या शब्दांत सांगितला: “काका, तयार नसते तर धावले कशाला असते?” त्या दिवशी तिला हे विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्या वतीने तीन मोठी माणसं बोलत होती.

आणि नियमाच्या विरुद्ध दुसरी गोष्ट होती तो चौथ्या गेममधला “आउट”. त्यावर कोणाच्याही कपाळाला आठी पडली नव्हती.

हा गुंता मला फार उशिरा दिसला. ज्यावर बोभाटा झाला ते सगळं नियमात होतं आणि जे नियमात नव्हतं ते बिनबोभाट पार पडलं. लाइनच्या बाबतीत मला अधिकार नव्हता म्हणून मी गप्प बसलो. सर्व्हिसच्या बाबतीतही मला अधिकार नव्हता, तिथे मात्र मी निकाल दिला. अण्णांनी नंतर हे एका वाक्यात माझ्या पदरात टाकलं: “त्या बॉलला तुझी वाचा बसली होती, आणि माझ्या सर्व्हिसला फुटली.”

“रीत” म्हणजे काय, यावरचं थोडं

बाबांचा मुद्दा सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. खेळात लिखित नियमांच्या बाहेर एक रीत असतेच. पण ती रीत कोणाला लागू होते, हे पाहिलं की गंमत दिसते.

१९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांचा मायकल चँग, पायात गोळे आलेले, पाचव्या सेटमध्ये जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या इव्हान लेंडलला अंडरआर्म सर्व्हिस टाकतो, पॉइंट जिंकतो, सामनाही जिंकतो. त्याच्या जिद्दीच्या कथा आजही सांगतात. दहा वर्षांनी त्याच पॅरिसमध्ये मार्टिना हिंगिस अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफला तीच सर्व्हिस टाकते, आणि प्रेक्षक तिची हुर्यो उडवतात. सर्व्हिस तीच. एकाला शाबासकी, दुसरीला शिट्ट्या. लोकांना कोण आवडतं यावरच रीत ठरत असेल, तर तिच्या जोरावर पंचाने निकाल देणं धोक्याचं. २०१९ मध्ये अकापुल्कोला निक किरिओसने नदालविरुद्ध ती वापरली तेव्हाही बराच वाद झाला. पण नदाल सर्व्हिस परतवायला बेसलाइनच्या किती मागे उभा राहतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यात डावपेचही दिसला. मागे उभं राहण्याचा फायदा घ्यायचा, तर पुढची मोकळी जागाही आपणच सांभाळायची.

आमच्या ग्रुपवर त्या रात्री कोणीतरी लिहिलं, “हे टेनिसमधलं मंकडिंग आहे.” आपल्याकडे कोणताही वाद क्रिकेटवर आल्याशिवाय संपत नाही. विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनीला, चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडून पुढे गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केलं तेव्हा खुद्द त्याचे कर्णधार ब्रॅडमननी मंकड यांची बाजू घेतली होती, आणि २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला. त्या माणसाचं नाव शिवीसारखं वापरणं आता तरी थांबावं. दुसऱ्या कोणी १९८१ च्या मेलबर्नची आठवण काढली: शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने आपल्या गोलंदाज भावाला चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला लावला. तेही तेव्हा नियमात होतं. नंतर नियम बदलला.

मला हे दुसरं उदाहरण जास्त विचार करायला लावणारं वाटलं. मेलबर्नला फलंदाजाला षटकार मारणं शक्यच राहिलं नव्हतं; समोरच्याच्या हातातून खेळच काढून घेतला होता. टेनिसमधली अंडरआर्म सर्व्हिस समोरच्याला उलट संथ, मारता येण्याजोगा बॉल देते. तिची सगळी ताकद अचानकपणात. तो संपला की ती सगळ्यात सोपी सर्व्हिस, आणि त्याचा पुरावा मुलीने पुढच्याच पॉइंटला दिला होता. (आमच्याच पोडियमवर दर रविवारी अंडरआर्म क्रिकेट चालतं. तिथे कोणी वरून टाकला तर भांडणं होतात.)

कोर्टवरच समोर असलेले पर्याय

खेळ थांबला तेव्हा माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, बाबांना बाद करून सामना अण्णा-मॅडमना द्यायचा. दोन-तीन जण मागून तेच सांगत होते. पण कशाच्या आधारावर? अंगावर मारून त्यांनी नियम मोडला नव्हता. हेतू दिसत होता, पण हेतूवर निकाल द्यायचा तर अण्णांच्या दुसऱ्या अंडरआर्मचाही हेतू बघावा लागला असता.

दुसरी, माझा चुकीचा ‘लेट’ रद्द करून अण्णांना तो गेम परत द्यायचा, म्हणजे ३-३ करायचं. मनाला हीच पटत होती. पण नियम २७ चूक दुरुस्तीबद्दलच आहे आणि त्याचं तत्त्व स्पष्ट आहे: चूक लक्षात आली तरी आधी खेळून झालेले पॉइंट कायम राहतात. मागे जाऊन स्कोअर उकरायचा नाही.

तिसरी, आहे त्या स्कोअरवर सामना पुढे न्यायचा, पण चौघांच्या संमतीने कोणाला तरी पंच म्हणून बसवायचं. आमच्यातलेच एक डॉक्टर, जे कुठल्याच जोडीचे मित्र नव्हते, तयार झाले. क्लबहाऊसमधली शिडीवजा उंच स्टुलं आणली आणि त्यांना नेटच्या खांबाशी बसवलं. हीच वाट घेतली.

मॅडमना बर्फ लावला होता. “मी खेळते,” त्या म्हणाल्या. “बॉल बसला त्याचं काही नाही. बघून मारला, त्याचं आहे.”

इथे माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा महागात पडली. ‘लेट’ चुकीचा होता हे मला कळलं होतं. मी ते अण्णांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. मोठ्याने, चौघांसमोर, बाहेरच्या पन्नास माणसांसमोर सांगितलं नाही. सगळ्यांच्या समजुतीत ती सर्व्हिस ‘पकडली गेलेली’ चीटिंगच राहिली.

सामना पुढे झाला. ५-२, ५-३, ५-४. दहाव्या गेममध्ये सर्व्हिस पुन्हा अण्णांची. त्यांनी एकदाही अंडरआर्म टाकली नाही. चारही पॉइंट त्यांनी दात आवळून वरून सर्व्हिस केली, दोन डबल फॉल्ट गेले, आणि बाप-लेक ६-४ ने जिंकले. नेटवर अण्णांनी मुलीशी हात मिळवला, डोक्यावर हात ठेवला. बाबांशी नुसती मान हलवली.

ज्या माणसाचा खांदा वर जात नाही, त्याला नियमाने दिलेली एकमेव सोय मी गप्प राहून काढून घेतली होती. पुढचा आठवडा त्यांनी हात गळ्यात बांधून काढला.

नंतर कमिटीने काय तोललं

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दीडशेच्या वर मेसेज. त्यातले काही टेनिस कधीच न खेळलेल्यांचे, पार्किंगच्या जुन्या भांडणाचं उट्टं काढणारे. सेक्रेटरींनी ग्रुप दोन दिवस बंद ठेवला, हा या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय. मग आम्ही पाच जण क्लबहाऊसमध्ये बसलो.

सर्वाधिक पाठिंबा अंडरआर्मवर बंदी घालण्याला होता. सोसायटीची स्पर्धा आहे, आपला नियम आपण करू शकतो. हे खरं आहे, आणि ड्यूस काढून टाकणं हाही आपलाच बदल होता. पण खेळणाऱ्यांची यादी काढली तर पंचावन्नच्या पुढचे निम्मे लोक वरून सर्व्हिस करताना खांद्याची तक्रार करतात. बंदीचा अर्थ त्यांना दारच बंद. शिवाय आज अंडरआर्म, उद्या उन्हातले लॉब, परवा डावखुऱ्यांची वळणारी सर्व्हिस. कुठे थांबणार?

मधला मार्ग म्हणून एकाने सुचवलं, “सांगून टाकायची.” अंडरआर्म टाकण्याआधी हात वर करायचा. ऐकायला समंजस वाटतं. पण ड्रॉप शॉट सांगून मारतो का कोणी? खांदा दुखणाऱ्याने दर पॉइंटला आपलं दुखणं जाहीर करायचं, हेही मला बरं वाटलं नाही. यावर बराच वेळ गेला, कारण सुचवणारे ज्येष्ठ होते.

सगळ्या सामन्यांना पंच, हा पर्याय माणसांअभावी पडला. १३ सामन्यांना आळीपाळीने बसायला तयार असणारे चारच निघाले. बाबांना एक वर्ष बंदी हा ठराव मांडणाराच मत द्यायच्या वेळी चहा आणायला गेला.

काय केलं

मी दोन्ही घरी वेगवेगळा गेलो. अण्णांकडे माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि लाइनच्या बॉलबद्दलचं ते वाक्य सुनावलं. बाबांकडे जास्त अवघड गेलं. “तुमचा तो बॉल आत होता” हे मी म्हणालो. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “मला आउट दिसला.” खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. वेगाने जाणारा बॉल, जिंकायची घाई, मुलगी शेजारी: माणसाला हवं ते दिसतं, म्हणूनच तर शंकेचा फायदा समोरच्याला द्यायची पद्धत आहे. अंगावर मारलेल्या बॉलबद्दल मात्र त्यांनी स्वतःच विषय काढला. रात्री मॅडमना मेसेज केल्याचं सांगितलं. मॅडमनी त्याला नुसता अंगठा पाठवला होता.

मग पुढच्या वर्षीसाठी एक पान लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात. अंडरआर्म चालेल, सांगायची गरज नाही. रिसीव्हर तयार नसेल तर त्याने हात वर करावा आणि बॉलच्या मागे जाऊ नये. लाइनची शंका असेल तर बॉल आत. नेटवरच्या माणसाला बॉल लागला तर पॉइंट मारणाऱ्याचा, पण पुढची सर्व्हिस त्याची विचारपूस झाल्यावरच. स्कोअर लिहिणाऱ्याने निकाल द्यायचा नाही, आणि कोणी मागितलाच तर छापील नियम टेबलावर असतील, ते चौघांनी मिळून वाचायचे. उपांत्य आणि अंतिम सामन्याला पंच. सोसायटीच्या खर्चाने काही छापलं जाईल, खेळणाऱ्याच्या नाही.

निष्पत्ती

पुढच्या जानेवारीत बाबांनी नाव दिलं नाही. मुलीची दहावी होती, तेवढं कारण पुरेसं होतं, आणि आम्ही त्यापलीकडे विचारलं नाही. मॅडम आता सकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये खेळतात. स्पर्धेला या म्हटलं तर “बघू” म्हणतात. ही दोन माणसं आम्ही गमावली, निदान तेवढ्या वर्षापुरती, असंच मी धरतो.

अंडरआर्मचं मात्र हसू झालं. पहिल्या दिवशी निम्म्या जोड्यांनी ती टाकून पाहिली. बहुतेक बॉल नेटमध्ये, उरलेले असे फुगून आले की समोरच्याने पुढे येऊन पायाशी मारले. दुपारपर्यंत सगळे रिसीव्हर दोन पावलं पुढे उभे राहायला शिकले आणि रविवारी ती सर्व्हिस अण्णांशिवाय कोणी केली नाही. त्यांचीही दर चारातली एखादीच चालली.

लाइनची भांडणं राहिली. पंच होता त्या सामन्यांत नाहीत, बाकीच्यांत पूर्वीइतकीच.

वेगळं काय करता आलं असतं

नियम आधी वाचायला हवे होते, हे तर आहेच. पण ते वाचलेले असते तरी त्या क्षणी मी काय केलं असतं, याची मला खात्री नाही. पन्नास माणसं, एक रडवेली मुलगी, टी-शर्टवर अप्रत्यक्षपणे ज्याचं नाव आहे असा बाप. म्हणून मला आता वाटतं की खरा निर्णयाचा क्षण चौथ्या गेममध्ये होता. अधिकार नसला तरी “बाबा, नक्की का? मला रेषेवर वाटला” इतकं बसल्या जागेवरून म्हणता आलं असतं. ते म्हणाले असते नक्की, तर ३-१ च लिहिलं असतं. पण अण्णांना कळलं असतं की कोणीतरी बघतंय. सहाव्या गेममधली पहिली अंडरआर्म त्यांनी खांद्यामुळे टाकली. दुसरी माझ्यामुळे टाकली, असं मला वाटतं.

मुलीला विचारायला हवं होतं. आणि चूक कळल्यावर ती सगळ्यांसमोर सांगायला हवी होती. चार पॉइंट आणि एक खांदा वाचला असता.

दहावीचे पेपर संपल्यावर मुलगी पुन्हा कोर्टवर यायला लागली. गेल्या महिन्यात एका सकाळी ती आणि अण्णा समोरासमोर खेळत होते, मी बाकावर बूट बांधत होतो. अण्णा बेसलाइनच्या चांगले मागे उभे होते. तिने बॉल वर फेकण्याचा आव आणला आणि खालून अलगद कापला. अण्णा जागचे हलले नाहीत. बॉलचा दुसरा टप्पा पडला, तिसरा पडला, तरी बघत राहिले. मग माझ्याकडे वळून सगळ्या टॉवरना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “लेट!”